हिरवी टिक आली म्हणजे लिंक लागली असं नाही

डॉक्युमेंटेशनमध्ये लिंक घालणारा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे प्रकल्पात बदल घ्या अशी विनंती) सहसा दोन-चार ओळींचा असतो. एक ओळ लाल, दोन हिरव्या, सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) पास, आणि खाली कुणीतरी आधीच अंगठा दाखवलेला. मंजुरी द्यायला अर्धं मिनिट पुरतं, म्हणूनच त्यातून शिरलेल्या चुका वर्षानुवर्षं पानावर तशाच बसून राहतात. कोड चुकला तर टेस्ट पकडते, नाहीतर वापरणारा तरी ओरडतो. भलत्याच पानावर नेणाऱ्या लिंकबद्दल मात्र सहसा कुणी इश्यू (तक्रारीची नोंद) उघडत बसत नाही. टॅब बंद करायचा आणि दुसरीकडे शोधायचं, एवढंच होतं.

पुढचं सगळं मुख्यतः स्फिंक्सवर (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणाऱ्या साधनावर) चालणाऱ्या पायथन प्रकल्पांबद्दल आहे, आणि हाताशी उदाहरण सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीचं घेतलं आहे. तिथे २६९२७ क्रमांकाचा एक मोठा इश्यू याच कामासाठी आहे: गॅलरीतल्या (चालवून दाखवलेल्या उदाहरणांच्या संग्रहातल्या) उदाहरणांच्या लिंक डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शन वा क्लासच्या वर्णनात) आणि यूजर गाइडमध्ये योग्य जागी घालायच्या. काम सोपं दिसतं, म्हणून नवखी मंडळी आधी त्याच्याकडे वळतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या पोरांचा ओपन सोर्समधला पहिला पीआर बरेचदा याच जातीचा असतो. तपासणाऱ्याचं काम त्याने हलकं होत नाही, उलट वाढतं.

सुरुवात डिफ (बदललेल्या ओळींची यादी) बाजूला ठेवून पान उघडण्यापासून करावी. नुसता डिफ वाचून लिंकचा रिव्ह्यू करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सायकिट-लर्नमध्ये पीआरखालच्या चेक्सच्या यादीतच रेंडर झालेल्या पानांकडे नेणारी एक ओळ असते. रीड द डॉक्स वापरणाऱ्या प्रकल्पांना पीआरचा प्रीव्ह्यू चालू करून ठेवता येतो. यातलं काहीच नसेल तर ब्रँच (पीआरमधली कोडची प्रत) आपल्या मशीनवर घेऊन बिल्ड करायचा, म्हणजे पानं स्वतः बनवायची. सायकिट-लर्नचा पूर्ण बिल्ड गॅलरीतलं प्रत्येक उदाहरण चालवतो, त्यामुळे तो रेंगाळतो. लिंक तपासायला ‘एचटीएमएल-नोप्लॉट’ हे मेक टार्गेट पुरतं: उदाहरणांची पानं बनतात, त्यांची लेबलं (लिंक लावायला वापरायची नावं) बनतात, फक्त आलेख येत नाहीत. एखाद्याच उदाहरणाचे आलेखही बघायचे असतील तर ‘एक्झाम्पल्स पॅटर्न’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलच्या नावाचा रेगएक्स (नावाचा नमुना) द्यायचा, तेवढंच उदाहरण चालतं.

पान उघडून काय बघायचं? नवीन शब्द निळा झालाय का आणि क्लिक केल्यावर जातो कुठे. हे इतकं बाळबोध वाटतं की लोक ते करतच नाहीत, आणि स्फिंक्सचा स्वभाव असा की सगळ्या चुका तो सारख्याच मोठ्याने सांगत नाही. रोल म्हणजे लिंक कशाची ते सांगणारी खूण. लेबलाकडे नेणाऱ्या रेफ रोलला लेबल सापडलं नाही तर ‘अनडिफाइन्ड लेबल’ अशी वॉर्निंग येते, आणि वॉर्निंगलाच एरर मानायचा पर्याय लावला असेल तर बिल्ड पडतो. पण फंक्शन, क्लास, मेथड या पायथनच्या रोलना लक्ष्य सापडलं नाही तर स्फिंक्स चुपचाप ते नाव कोडच्या टाइपात छापतो आणि पुढे जातो. वॉर्निंग नाही, एरर नाही, लिंकही नाही. सीआय हिरवा. ही चूक मशीनकडून पकडून घ्यायची तर निटपिकी मोड (न लागलेल्या प्रत्येक लिंकवर वॉर्निंग देणारी सेटिंग) लागतो, आणि जुन्या प्रकल्पात तो एकदम चालू केला की वॉर्निंगांचा असा पूर येतो की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो बंद करतं. म्हणून तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

लक्ष्य न सापडण्याचं कारण बहुतेक वेळा नाव असतं. कोडमध्ये आपण नमपायला ‘एनपी’ म्हणतो, पण इंटरस्फिंक्स (दुसऱ्या प्रकल्पांच्या डॉक्सकडे लिंक लावणारा स्फिंक्सचा भाग) समोरच्या साइटवरून जी ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ फाइल उतरवतो तिच्यात पूर्ण नाव असतं. ‘एनपी’ने सुरू होणारं नाव तिथे मिळणार नाही. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे ट्रेसबॅकमधून उचललेला आतला पत्ता. पांडाजचा डेटाफ्रेम प्रत्यक्षात ‘कोअर’मधल्या ‘फ्रेम’ मॉड्यूलमध्ये राहतो, पण डॉक्समध्ये त्याची नोंद थेट पांडाजखाली आहे. आतला पत्ता लिहिला की लिंक गेली. शंका असेल तेव्हा इंटरस्फिंक्सचं मॉड्यूल पायथनच्या ‘डॅश एम’ने चालवून त्याला त्या आयएनव्ही फाइलचा पत्ता द्यावा. सगळी नोंदलेली नावं समोर येतात, ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारला की वाद मिटतो.

इथेच उद्गारचिन्हावरही नजर ठेवावी. रोलमधल्या नावाआधी उद्गारचिन्ह असेल तर स्फिंक्स लिंक लावायचा प्रयत्नच करत नाही. निटपिकी मोडची वॉर्निंग गप्प करायला काहीजण ते घालतात, आणि मग ‘लिंका घातल्या’ अशा मथळ्याच्या पीआरमध्ये एकही लिंक नसते. टिल्डे (~) मात्र निरुपद्रवी आहे. तो फक्त नावाचा शेवटचा तुकडा दाखवतो, लिंक पूर्ण नावाचीच राहते.

एकेरी बॅकटिकचं (`) तर प्रत्येक घरी वेगळं. मॅटप्लॉटलिबमध्ये डीफॉल्ट रोल ‘ओबीजे’ आहे, म्हणजे एकेरी बॅकटिकमधलं नाव आपसूक लिंक होतं. सायकिट-लर्नमध्ये डीफॉल्ट रोल ‘लिटरल’ आहे, तिथे तोच मजकूर नुसता कोडच्या टाइपात दिसतो. एका प्रकल्पातली सवय घेऊन दुसरीकडे आलेला माणूस इथे हमखास फसतो. रिव्ह्यू करणाऱ्यानेही आधी कॉन्फ फाइल उघडून हा एक शब्द बघून घ्यावा.

लिंक लागली, निळी झाली, बरोबर पानावर गेली. आता मुख्य प्रश्न: ती तिथे हवी आहे का? वेळ द्यायचा तो इथे, कारण हे कुठलंच मशीन सांगत नाही.

के-मीन्स या गट पाडणाऱ्या पद्धतीची डॉकस्ट्रिंग घ्या. तिच्यात ‘इनिट’ या पॅरामीटरच्या वर्णनाखाली हस्तलिखित अंकांच्या उदाहरणाची लिंक आहे. ते उदाहरण १७९७ अंकचित्रांवर, प्रत्येकी ६४ फीचर्स घेऊन, सुरुवातीची केंद्रं निवडायच्या तीन पद्धती शेजारी शेजारी चालवतं: के-मीन्स++, रँडम आणि पीसीएवर (मिती कमी करणाऱ्या पद्धतीवर) आधारित. ‘इनिट’ला काय द्यावं असा प्रश्न पडलेल्या माणसाला त्याच क्षणी हवं ते मिळतं. लिंक पॅरामीटरच्या खाली आहे, डॉकस्ट्रिंगच्या टोकाला नाही, आणि आधीचं वाक्य सांगतं की तिथे काय सापडेल. जागा आणि वाक्य, दोन्ही बरोबर.

आता समजा कुणी पीआर टाकला की हेच उदाहरण पीसीएच्या डॉकस्ट्रिंगमध्येही जोडतो, कारण त्यात पीसीए वापरलंय. वापरलंय खरं, पण चित्र दोन मितींत काढायला आणि केंद्रांची एक निवड तयार करायला. पीसीएबद्दल ते उदाहरण काही शिकवत नाही. त्याच न्यायाने स्टँडर्ड-स्केलरच्या आणि मेक-पाइपलाइनच्या पानावरही ते चिकटवता येईल, कारण ते दोघंही त्यात आहेत. ही नुसती खोगीरभरती, आणि तिची गरजही नाही: ज्या उदाहरणांत एखादा क्लास वापरला आहे त्यांची यादी स्फिंक्स-गॅलरी स्वतःच तयार करते आणि एपीआय पानाच्या तळाशी ती लागते. हाताने घातलेल्या लिंकने त्या यादीपेक्षा काहीतरी जास्त सांगायला हवं. ‘उदाहरणासाठी हे बघा’ एवढंच वाक्य असेल तर ती यादीचीच नक्कल झाली. माझी कसोटी सरळ आहे. उदाहरणाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत त्या क्लासचं किंवा पॅरामीटरचं नाव येतं का? येत नसेल तर पीआर टाकणाऱ्याला लिंकचं कारण एका वाक्यात विचारावं. उत्तर चांगलं आलं तर तेच वाक्य डॉकस्ट्रिंगमध्ये घालायला सांगावं.

याचा अर्थ उदाहरण निदान चाळलेलं असावं लागतं. मंजुरी देणाऱ्याने ते उघडलेलंच नसेल तर रिव्ह्यू झाला नाही, स्पेलिंग तपासलं गेलं.

गॅलरीतल्या लेबलांची एक गंमत आहे. ती कुणी हाताने लिहीत नाही, फाइलच्या पत्त्यावरून बनतात: आधी ठरलेला उपसर्ग, मग फोल्डर आणि फाइलचं नाव अंडरस्कोरने जोडून, शेवटी ‘डॉट पीवाय’. त्यामुळे कुणी उदाहरणाची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की लेबल बदलतं आणि त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या लिंक एका दमात तुटतात. लिंक घालणारा पीआर आठवडाभर पडून असेल आणि दरम्यान मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) अशी हलवाहलवी झाली असेल तर पीआरवरचा जुना हिरवा चेक काही कामाचा नाही. मर्ज करण्याआधी ब्रँच मेनवर आणून बिल्ड पुन्हा चालवावा. तुमच्या स्वतःच्या लेबलांची अट वेगळी. रेफ रोलमध्ये मथळा दिला नसेल तर लेबल एखाद्या शीर्षकाच्या किंवा कॅप्शन असलेल्या आकृतीच्या लगेच वर असावं लागतं. साध्या परिच्छेदावर लेबल ठेवलं की स्फिंक्स म्हणतो, शीर्षक सापडलं नाही.

मांडणीतल्या चुका पटकन सांगतो. आरएसटी (स्फिंक्सची मजकूर लिहायची पद्धत) फाइलमध्ये मार्कडाउन या दुसऱ्या पद्धतीची लिंक लिहिणं ही सगळ्यात वारंवार दिसणारी. चौकोनी कंस जसेच्या तसे छापले जातात, यूआरएल मात्र आपोआप निळी होते, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. वॉर्निंग येत नाही. बाहेरच्या लिंकच्या शेवटी एक अंडरस्कोर असेल तर लिंकचा मजकूर त्या पानावरचं नाव बनतो. ‘डॉक्युमेंटेशन’ हाच मजकूर वापरून दोन वेगळ्या यूआरएल दिल्या की ‘ड्युप्लिकेट एक्सप्लिसिट टार्गेट नेम’ येतं. दोन अंडरस्कोर लावले की नाव बनत नाही, भांडण मिटतं. पण खरं औषध म्हणजे मजकूर नेमका करणं. ‘इथे’ या शब्दावर लिंक नसावी, कारण स्क्रीन रीडर वापरणारे अनेकदा पानावरच्या लिंकांची नुसती यादी ऐकतात आणि त्या यादीत ‘इथे, इथे, इथे’ एवढंच येतं. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीचा २.४.४ हा निकष याच मुद्द्याचा आहे, आणि तो सर्वांत खालच्या ए पातळीतला आहे. डॉकस्ट्रिंगमध्ये पॅरामीटरच्या वर्णनाखाली नवा परिच्छेद घालताना मध्ये रिकामी ओळ हवी आणि इंडेंट वरच्या ओळीइतकंच हवं. एक स्पेस जास्त पडली की तो भाग अवतरण होऊन आत सरकतो.

डॉकस्ट्रिंग फक्त ब्राउझरमध्ये वाचली जात नाही हेही ध्यानात ठेवावं. ज्युपिटरमध्ये शिफ्ट-टॅब दाबणाऱ्याला किंवा टर्मिनलवर हेल्प मागणाऱ्याला निळी लिंक दिसत नाही, साठ-सत्तर अक्षरांचं कच्चं लेबल दिसतं. एका पॅरामीटरखाली अशी एक-दोन लेबलं सहन होतात. चार झाली की पॅरामीटरचं वर्णनच शोधावं लागतं. जास्तीच्या लिंकांची जागा यूजर गाइडमध्ये.

स्वतःच्याच साइटची पूर्ण यूआरएल चिकटवलेली दिसली तर थांबवावं. सायकिट-लर्नच्या सोर्समध्ये त्याच साइटच्या ‘स्टेबल’ पानाची यूआरएल घातली की ‘डेव्ह’ आवृत्ती वाचणारा नकळत जुन्या आवृत्तीत जाऊन पडतो. पान नवीन असेल तर पुढचं रिलीज होईपर्यंत ‘स्टेबल’मध्ये ते नसतंच, म्हणजे सरळ ४०४. आतल्या पानांसाठी रेफ किंवा डॉक रोल, दुसऱ्या स्फिंक्स प्रकल्पांसाठी इंटरस्फिंक्स, आणि उघडी यूआरएल अगदी शेवटी.

बाहेरच्या लिंकांत पहिला प्रश्न आवृत्तीचा. सर्चमधून उचललेली यूआरएल कुठल्या तरी जुन्या आवृत्तीची असण्याची शक्यता दांडगी असते. पायथनच्या डॉक्ससाठी पत्त्यात नुसता ३ असेल तर तो चालू स्थिर आवृत्तीकडे नेतो, ३.१२ असेल तर तिथेच खिळलेला राहतो. एखादी गोष्ट ३.१२ मध्ये बदलली असं वाक्य असेल तर खिळलेली लिंक बरोबर, एरवी सुटी. गिटहबवरच्या कोडच्या ओळीकडे बोट दाखवायचं असेल तर उलटं. मेन ब्रँचवरची ओळ क्रमांक १२० उद्या दुसरीच ओळ असेल. फाइल उघडून वाय हे बटण दाबलं की पत्त्यात ब्रँचच्या जागी पूर्ण कमिट हॅश येतो, तो पत्ता द्यावा.

आरएफसीच्या (इंटरनेटच्या मानकांच्या क्रमांकित दस्तऐवजांच्या) लिंका वेगळ्याच कारणाने शिळ्या होतात. त्या तुटत नाहीत, त्यांचा अधिकार जातो. एचटीटीपीसाठी कुणी २६१६ देतं. ते पान आजही व्यवस्थित उघडतं, पण १९९९ चा तो दस्तऐवज २०१४ मध्ये ७२३० ते ७२३५ या मालिकेने बाद केला, आणि त्या मालिकेची जागा २०२२ मध्ये ९११० ते ९११२ ने घेतली. जेसनसाठी ७१५९ दिसला तर तोही मागे पडलाय, २०१७ पासून ८२५९ आहे. आरएफसीच्या पानाच्या माथ्यावर ‘ऑब्सोलिटेड बाय’ ही ओळ आहे का ते बघायला दोन सेकंद लागतात. नवा क्रमांक लिहिताना कलमांचे क्रमांकही बदललेले असतात, नुसता आकडा बदलून भागत नाही. शोधनिबंधांसाठी प्रकाशकाच्या यूआरएलऐवजी डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्यावा, अर्काइव्ह (arXiv, निबंधांचा खुला संग्रह) असेल तर पीडीएफऐवजी गोषवाऱ्याचं पान. आणि वाक्यात ‘समीकरण ७’ असं नेमकं काही म्हटलं असेल तर अर्काइव्हच्या कुठल्या आवृत्तीतलं तेही पत्त्यात असावं.

यूआरएलच्या शेपटीत काय आहे तेही वाचावं. यूटीएमचे (वाचक कुठून आला ते नोंदणारे) पॅरामीटर, क्रोम जोडतो तो टेक्स्ट फ्रॅगमेंट, गूगलच्या रिडायरेक्टमध्ये गुंडाळलेला पत्ता, हे सगळं छाटायचं. मायक्रोसॉफ्ट लर्न आणि एमडीएनच्या पत्त्यातला भाषेचा तुकडा काढला तर साइट वाचकाच्या भाषेप्रमाणे पाठवते. यूटीएममध्ये चॅटजीपीटीचं नाव दिसलं तर लगेच झटकून टाकायचं कारण नाही, पण त्या पीआरमधली प्रत्येक लिंक उघडून वाचावी. अशा लिंकांत पान खरं असतं पण वाक्यातला दावा त्यात नसतो, किंवा पत्ता अगदी पटेल असा असतो आणि तसं पानच अस्तित्वात नसतं.

आणखी एक प्रकार: ‘मेलेली लिंक दुरुस्त केली’ असा मथळा आणि नवी लिंक कुठल्याशा कंपनीच्या ब्लॉगची. जुनी लिंक खरंच मेली आहे का, आधी ते बघा. मेली असेल तर मूळ लेखकाने पान कुठे हलवलं ते शोधा. बदली म्हणून आलेलं पान जाहिरातीसाठी लिहिलेलं असेल तर आभार मानून पीआर बंद करावा. फार समजावत बसू नये.

स्फिंक्सचा लिंकचेक बिल्डर यात मदत करतो, पण त्याचा निकाल वाचायला शिकावं लागतं. ४०४ म्हणजे बहुधा खरंच गेलेली लिंक. ४०३ म्हणजे अनेकदा प्रकाशकाच्या साइटने बॉटला हाकललं, माणसाला ती उघडते. ४२९ म्हणजे आपणच फार वेगाने ठोठावलं. यावर स्फिंक्स स्वतः थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि किती थांबायचं त्याची डीफॉल्ट कमाल मर्यादा ३०० सेकंद आहे. ३०१ (पान कायमचं हललं) असेल तर नवा पत्ता घालावा. ३०२ (तात्पुरतं दुसरीकडे पाठवलं) असेल तर सहसा हात लावू नये, कारण तो बरेचदा मुद्दाम ठेवलेला असतो: रीड द डॉक्सवर प्रकल्पाचा मूळ पत्ता असाच चालू आवृत्तीकडे पाठवतो, आणि ‘दुरुस्ती’ म्हणून अंतिम पत्ता घातला की लिंक उगाच एका आवृत्तीला बांधली जाते. अँकर तपासताना बिल्डर पानाच्या एचटीएमएलमध्ये आयडी शोधतो. जावास्क्रिप्टने नंतर बनणारे अँकर, उदाहरणार्थ गिटहबवरच्या ओळींचे, त्याला दिसत नाहीत आणि तो त्यांना तुटलेले म्हणतो. २०० (पान मिळालं) असं उत्तर येऊनही समोर ‘पान सापडलं नाही’ असं लिहिलेलं असेल, लॉगिन मागत असेल किंवा डोमेन विकून तिथे भलतंच दुकान थाटलेलं असेल, तर ते बिल्डरला कधीच कळत नाही.

हा बिल्डर प्रत्येक पीआरला सक्तीचा करू नये असं माझं ठाम मत आहे. कुणाचा तरी सर्व्हर दुपारी झोपला म्हणून टायपो सुधारणाऱ्याचा पीआर लाल होतो, आणि लोक लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी चालवावा, निकालाचा एकच इश्यू व्हावा. पीआरवर तपासायचंच असेल तर लिची किंवा तत्सम साधन फक्त बदललेल्या फाइलींवर लावावं.

एका पीआरमध्ये चाळीस लिंका आल्या तर वाटून मागाव्यात, एका उदाहरणाला एक पीआर. चाळीसपैकी तीनवर वाद झाला की उरलेल्या सदतीस अडकतात, आणि सातव्या-आठव्या लिंकनंतर तपासणारा डोळे झाकून स्क्रोल करू लागतो. शेरा लिहिताना ‘ही लिंक नको’ असं मोघम लिहू नये. नवख्याला कळेल असं लिहावं: ‘या उदाहरणात पीसीए फक्त चित्र काढण्यासाठी आलंय, त्यामुळे इथून काढू या. के-मीन्सच्या इनिटखाली ते शोभेल. खाली सजेशन दिलंय, पटलं तर कमिट कर.’ सजेशनचा ब्लॉक दिला की एक क्लिक पुरतो आणि आणखी चार फेऱ्या वाचतात.

मूळ पान कायमचंच गेलं असेल तर वेबॅक मशीनची (जुन्या वेबपानांच्या संग्रहाची) लिंक चालते, मात्र नेमक्या नोंदीची, कॅलेंडरच्या यादीची नाही. तिच्या पत्त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतचा १४ आकडी टाइमस्टॅम्प असतो. आपला मजकूर लिहिला गेला त्याच्या आसपासची नोंद निवडावी आणि उघडून बघावी, कारण नंतरच्या नोंदींमध्ये पार्किंगचं पानच जतन झालेलं असू शकतं. वाक्य लिंकशिवाय उभं राहत असेल तर लिंक काढून टाकणंच बरं. मेलेली यूआरएल कमिट मेसेजमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवावी, म्हणजे उद्या कुणी तोच पत्ता पुन्हा घालायला निघालं तर गिट लॉगमध्ये ग्रेप करून ती का काढली ते सापडतं.